ओट्यावरचे दोन स्पीकर
पोळी करपल्याचा वास आला की मला आमच्या नाशिकच्या घरातलं होम थिएटर आठवतं. पिक्चर लागला तरी आई स्वयंपाकघरातून हलायची नाही, म्हणून वडिलांनी द्वारका चौकातल्या दुकानातून जादा वायर आणली आणि सोफ्यामागे लावायचे दोन स्पीकर थेट ओट्यावर नेऊन बसवले. "घे, आता तूही ऐक!" ते ऐटीत म्हणाले. पण मागच्या स्पीकरमधून संवाद जवळजवळ येतच नाहीत. आम्ही हॉलमध्ये डोळे पुसत असताना आई उलथनं घेऊन बाहेर आली. "अहो, मघापासून नुसता पाऊस, कुत्री आणि आपटणारी दारं! त्या घरात माणसं आहेत की नाहीत?" उलथनं वडिलांच्या हातात देऊन ती सोफ्यावर बसली. मग करपलेल्या पोळीच्या धुरातून ते विचारत राहिले, "पाऊस थांबला का गं?" पिक्चरचा शेवट काय झाला, हे आईने त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.