मालकीण नेमकं काय म्हणाली

बुधवारी दुपारी तुइया कामावरून घरी आली, दारात बूट काढले, संगणक लावला, आणि तिचं गाव पाण्याखाली गेलेलं होतं.

आधी तिला वाटलं, चित्र नीट उमटलेलं नाही. वेदेन्माच्या खेळात कधीकधी तसं व्हायचं. डोंगर अर्धेच दिसायचे, रस्ते हवेत लटकायचे. ती थांबून राहिली. पाणी हललं. करडं, संथ, बर्फाचे तुकडे मिरवणारं पाणी. त्यातून तिच्याबरोबर खेळणाऱ्या एन्सिओने बांधलेल्या घंटाघराचं टोक तेवढं वर आलं होतं. एक लाकडी परात गोल गोल फिरत तिच्याकडे येत होती. बेकरीवाल्या लोविसाची परात. तिच्या कडेला अजून कणीक चिकटलेली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात निरोप साचले होते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या नियेमेला गावातले खेळाडू लिहीत होते, "तुइया, तुझ्यामुळे आम्ही कोरडे आहोत." "असं ठरवायला छाती लागते, बाई." आणि तिच्या स्वतःच्या गावातले, सुवांतोचे, ज्यांनी तिला गावची मालकीण म्हणून निवडलं होतं, त्यांतल्या एकाने लिहिलं होतं, "रविवारी सभा होती ना? की ती माशांसाठी ठेवली होतीस?"

सगळ्यांच्या वर खेळाने आपल्या कोरड्या भाषेत नोंद केली होती: बांधाची दारं उघडली. मालकिणीच्या शब्दावरून.

तुइयाने नोंद पुन्हा वाचली. तिने कुणालाही शब्द दिलेला नव्हता.

तुइया ह्युवारिनेन वार्काउसच्या पोहण्याच्या तलावावर खिडकीत बसायची. पैसे घ्यायचे, कपाटाची किल्ली द्यायची, सौना, म्हणजे वाफेची खोली, तापलीय का हे विचारणाऱ्याला मान हलवून दाखवायची. वीसेक वर्षं ती हेच करत होती आणि हे आपण कधी ठरवलं ते तिला आठवत नव्हतं. राइमोशी लग्न झालं तेही तसंच. पेट्रोल पंपावर गाडीत बसल्या बसल्या राइमो म्हणाला होता, कचेरीत जाऊन सह्या करून येऊ या का. ती काहीतरी पुटपुटली आणि त्याने गाडी चालू केली. काही वर्षांनी सोडून जाताना त्याने तिला विचारलं, मी जाऊ का, तेव्हाही ती काहीतरी पुटपुटली. त्याने पुन्हा गाडीच चालू केली.

तिच्या मुलखातला, सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं तिकडे म्हणतात, आणि म्हणणारे सावोचेच असतात. त्याचा त्यांना अभिमानही आहे.

वेदेन्मात मात्र तिला ठरवणं जमायचं. तो खेळ बनवणाऱ्यांनी एकच वचन दिलेलं होतं, इथे झालेलं पुसलं जाणार नाही. भूर्जाचं झाड तोडलं तर त्याचा खुंट राहायचा. व्यापाऱ्याला फसवलं तर त्याचा नातू तुम्हाला मीठ महाग द्यायचा. तिथली जी माणसं कुणीच खेळत नव्हतं, जी त्या जगाचीच होती, ती पेरायची, भांडायची, म्हातारी व्हायची, तुम्ही बघत असा किंवा नसा. लोविसा त्यांतलीच. एका दुष्काळी हिवाळ्यात म्हाताऱ्या आईला घसरगाडीवर घालून ती सुवांतोच्या वेशीवर आली. पीठ पुरणार नाही, पुढे जाऊ दे तिला, असं सगळे खेळाडू म्हणत होते. तुइया गोठलेल्या नदीवर एकटीच दूरवर चालत गेली, परत आली, आणि म्हणाली, राहू दे.

त्या दिवशी तलावावर साइला, तिच्याबरोबर काम करणारी, तिला हसली होती. "स्वयंपाकघराचे पडदे ठरवायला तुला एका ऑलिंपिकपासून दुसरं लागतं, आणि तिथे म्हणे तू माणसं ठेवतेस नि काढतेस."

"पडद्यांना भूक लागत नाही," तुइया म्हणाली होती.

या वसंतात वेदेन्मातला बर्फ एकदम वितळला. बांधामागचं पाणी चढत गेलं. डावी दारं उघडली तर सुवांतो बुडणार, उजवी उघडली तर नियेमेला, आणि काहीच केलं नाही तर बांधच फुटणार. बांधवाला होता काप्रो, त्या जगाचाच एक म्हातारा. वरचं गाव आधी, म्हणून विचारायचं ते सुवांतोच्या मालकिणीला, अशी रीत. सोमवारी संध्याकाळी तो टोपी हातात धरून तिच्या अंगणात उभा राहिला.

"मालकीणबाई, माझ्याच्याने आता फार दिवस धरवणार नाही. डावीकडे सोडू का पाणी?"

पूर्वी अशा वेळी लिहिलेल्या उत्तरांतलं एक निवडायचं असायचं. या हिवाळ्यापासून तोंडाने बोलायचं होतं, आणि तुइयाला ते आवडलं होतं. आपल्याच सावोच्या बोलीत बोलता यायचं. त्या संध्याकाळी ती बोलली नाही. काप्रोही बोलला नाही. त्यात वावगं काही नव्हतं. त्या मुलखात दोन माणसं एकमेकांसमोर शांत बसली तर कुणी घसा खाकरत नाही. रविवारी सभा घेऊन त्याला सांगू, असं तिच्या मनात होतं. एवढ्यात स्वयंपाकघरात कॉफी उकळल्याचा आवाज आला, ती उठली. परत आली तेव्हा काप्रो गेला होता. मंगळवारी तिची दोन्ही पाळ्यांची ड्यूटी होती.

बुधवारी, ती परात अजून पडद्यावर फिरत असतानाच, एन्सिओचा फोन आला. तो योरोइनेनला राहायचा, निवृत्त वायरमन, पत्नी गेल्यापासून दिवसभर वेदेन्मात सुतारकाम करायचा.

"बघितलंस?"

"बघतेय."

"तू सांगितलंस त्याला?"

"मी काही नाही सांगितलं रे."

"मग काय, बांधाला स्वप्न पडलं?"

"तो आला होता. विचारलं त्याने. मी गप्प होते. मग कॉफी झाली म्हणून उठले."

मग एन्सिओ हळू आवाजात म्हणाला, "उठताना काय म्हणालीस?"

"काही नाही."

"तुइया, सावोतलं माणूस तोंडातल्या तोंडात काही म्हटल्याशिवाय उठत नाही."

आणि तिला कळलं. नो नीन. ती नो नीन म्हणाली होती.

आपलं 'बरं' बारा गावचं पाणी प्यालेलं आहे, पण नो नीनपुढे तेही कच्चं. जेवणावरून उठताना नो नीन. पाहुणे आले की नो नीन, गेले की सुटकेचं नो नीन. मूल पडलं, निकाल लागला, मयत उचलली, नो नीन. चला; थांबा; झालं; होऊ दे; पुरे. तुइयाची आई मरताना शेवटचं तेच म्हणाली होती, आणि तिला पाणी हवं होतं की निरोप घ्यायचा होता यावर बहिणी अजून भांडतात.

"त्यांना कळव," एन्सिओ म्हणत होता. "त्या खेळ बनवणाऱ्या हेलसिंकीच्या पोरांना. म्हणावं, तुमच्या म्हाताऱ्याच्या कानात बूच आहे. गाव परत मागून घे."

तिने कळवलं. दुसऱ्या दिवशी तलावावर जेवणाच्या सुट्टीत तिला फोन आला. बोलणारा रोपे नावाचा, खेळ बनवणाऱ्यांतला एक.

"आम्ही झालेलं पुसत नाही, तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण काप्रोने चुकीचं ऐकलं असेल तर ती चूक त्या जगाची नाही, आमची. ती आम्हाला दुरुस्त करावी लागेल."

"म्हणजे सुवांतो परत येईल?"

"येईल. माणसांसकट. पण पाणी कुठेतरी जाणारच. ते नियेमेलावरून जाईल."

नियेमेला सुवांतोच्या कितीतरी पट मोठं होतं.

"आम्ही तुझा आवाज इथे सगळ्यांनी ऐकला," रोपे पुढे म्हणाला. "दोघांना होकार वाटला. एकीला नकार. चौथा कुओपियोचा, म्हणजे सावोचाच आहे, तो हसला आणि म्हणाला, मला यात ओढू नका. तेव्हा काय म्हणायचं होतं ते तूच सांग. तू सांगशील ते आम्ही धरू. ऐकायचंय तुला?"

तिने ऐकलं. आधी लांबलचक शांतता. त्यात तिचा श्वास, खिडकीबाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा. कॉफीचा खदखदाट. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ते दोन शब्द.

ते थकलेले नव्हते. विचारात पडलेलेही नव्हते. लांबून उचलून आणलेली पिशवी जिन्याशी ठेवावी, तसे ते खाली ठेवलेले होते.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. त्याने पुन्हा लावलं.

गेले काही दिवस तिने सुवांतोत नदीपार नेणाऱ्या नावेचा दोर दुरुस्त केला नव्हता. छपराला लागणारी भूर्जाची साल विकत घेतली नव्हती. पेरणीचं बी बाहेर काढलं नव्हतं. त्या त्या वेळी तिने स्वतःला सांगितलं होतं, बघू, सभा होऊ दे. आता हातातल्या फोनमधून तिचाच आवाज तिला सांगत होता की ठरलेलं होतं. सभा नुसती एवढ्यासाठी होती की ते दुसऱ्या कुणीतरी बोलावं. साइला शेजारी बसून पाव खात होती, तिने विचारलं, "काय गं, कोण गेलं?"

"संध्याकाळी सांगते," ती रोपेला म्हणाली.

घरी आल्यावर ती आधी वेदेन्मात गेली. सुवांतोच्या वरच्या टेकडीवर शेकोट्या दिसत होत्या. वाचलेली माणसं तिथे होती, लोविसाही. ती ओल्या पिठाच्या पोत्यावर बसली होती.

"लोविसा," तुइया म्हणाली. "तुझी आई?"

"खाली आहे, मालकीण."

शेकोटीतलं लाकूड फुटलं. लोविसा सांगू लागली. बांधवाल्याने गावाला हुकूम द्यायचा नसतो, मालकिणीचा शब्द तेवढा पोचवायचा, ही तिथली रीत. काप्रो सोमवारी रात्रीच दारोदार फिरला. म्हणाला, पाण्याचं मालकिणीला विचारून आलो.

"आम्ही विचारलं, मालकीण नेमकं काय म्हणाली. तो प्रामाणिक माणूस. त्याने जसंच्या तसं सांगितलं." लोविसाने हात शेकोटीकडे धरले. "मी ऐकलं आणि उठले. म्हटलं, चला म्हणतेय ती. पोती बांधायला घेतली. आई म्हणाली, वेडी का तू, मिटलं म्हणतेय ती, झालं, आता बस. ती बसली. शेजारचा म्हातारा बसला. लोहार उठला, त्याची बायको बसली. असं अर्धं गाव उठलं नि अर्धं बसलं, मालकीण. बसलेले आम्हाला हसत होते."

तुइयाने तोंडावर हात ठेवला, मग काढला, कारण माइक चालू होता आणि तिथे सगळं ऐकू जायचं.

"आम्ही इथे बसून तेच बोलतोय," लोविसा म्हणाली. "मी म्हणते मला कळलं, ते म्हणतात माझं नशीब. तेव्हा तूच सांग. कुणाचं खरं होतं?"

ज्यांनी हे जग बनवलं त्यांनी हा प्रश्न लिहून ठेवलेला नव्हता. तो लोविसाने स्वतःच, त्या टेकडीवर बसून, तयार केला होता. तुइयाला एकदम वाटलं की खुर्ची मागे सरकवून उठावं. ती उठली नाही.

"तुझं," ती म्हणाली. "उठायचं होतं."

"मग तसं म्हणायचं," लोविसा म्हणाली.

आवाजात राग नव्हता. पाव संपला असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं ती म्हणाली, आणि पलीकडच्या शेकोट्यांना ते सांगायला निघून गेली. एकेका शेकोटीशी ती वाकायची, आणि तिथली माणसं मान वळवून तुइयाकडे बघायची.

तुइयाने रोपेला फोन लावला. "होकार होता," ती म्हणाली.

"नक्की? मी मुद्दाम विचारतोय. नकार म्हणालीस तर गाव आज परत येतं. कुणी तुला खोटं ठरवू शकत नाही."

"होकार होता."

मग तिने एन्सिओला लावला. तो बहुधा फोनजवळच बसला होता.

"देतायत का परत?"

"नाही. मी हो म्हणाले होते, एन्सिओ. काप्रोने बरोबर ऐकलं. नियेमेलात माणसं जास्त आहेत, म्हणून."

"आणि रविवारची सभा?"

"तुमच्यापैकी कुणीतरी ते बोलाल म्हणून. मला बोलायचं नव्हतं."

घंटाघर बुडालं म्हणून तो आता ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी बोलणार होतो," तो म्हणाला. "रविवारी. की जाऊ दे आपलं गाव, खालचे जास्त आहेत. पाठ करून ठेवलं होतं मी. दुसरं कुणी बोलेना तर मी उभा राहणार होतो."

तिने पडद्यावरच्या शेकोट्यांकडे बघितलं.

"सोमवारीच सांगितलं असतंस तर मंगळवारी सगळ्यांना टेकडीवर नेलं असतं, आणि मग सोडलं असतं पाणी," एन्सिओ म्हणाला. "एवढंच होतं, तुइया. एक दिवस लागला असता."