मंगळवारचा बाप्तिस्मा

पाण्याची जेवढी माहिती आमच्या तळमजल्यावरच्या काकांना आहे, तेवढी अख्ख्या डोंबिवलीत कुणाला नसेल. आणि पाण्याला त्यांच्याइतका घाबरणारा माणूसही दुसरा नसेल. यातली दुसरी गोष्ट कळायला मला फार उशीर झाला. काका पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते, गल्लोगल्लीचं पाणी सोडायचे नि बंद करायचे. निवृत्त झाले तरी सकाळी गल्लीतल्या पाइपला कान लावून ‘शीळफाट्यापर्यंत आलंय’ असं जाहीर करतात, आणि थोड्या वेळात कोपरच्या आमच्या नळांना खरोखर पाणी येतं. पण हाच माणूस स्वतः आंघोळ करायचा ती तांब्याने, खांद्यापासून खाली. डोकं ओल्या पंच्याने पुसायचा. ‘सर्दीचा कोठा आहे हो माझा,’ म्हणायचे. मी त्यांना कधी शिंकताना पाहिलं नाही.

काका ख्रिस्ती, आम्ही हिंदू. त्यामुळे बाप्तिस्मा या विषयात इमारतीत ते एकटेच जाणकार, आणि ते स्वतःच गोंधळलेले. तान्हे असताना त्यांचा बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून झाला होता. ‘पण मला विचारलं कुणी? मी झोपलेलो!’ काकूंनी मात्र मोठेपणी, मोहन्याजवळ नदीत, अख्खं बुडून घेतला होता. ‘तुम्हीही एकदा स्वतःहून घ्या,’ एवढंच त्या म्हणायच्या, आणि काका ‘पुढच्या ईस्टरला’ म्हणायचे. गेल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून काकांना एकच घोर: ती जिथे गेली तिथे आपल्याला घेतील ना? एकदा मी भाबडेपणाने विचारलं, ‘पाण्याने पापं धुतली जातात, असंच ना?’ ते उखडले. ‘साबण आहे का तो? खाली जायचं म्हणजे मरायचं, पुरलं जायचं. वर यायचं म्हणजे प्रभूबरोबर नव्याने जगायचं.’ ‘आणि पाणी?’ ‘पाणी नुसती खूण.’ ‘मग शिंपडलेलंही चालेल की!’ काकांनी माझ्यासमोर कप ठेवून त्यात चहा ओतला. ‘चालतं,’ ते म्हणाले, ‘आणि नाहीही चालत. तुम्ही चहा घ्या.’

शेवटी त्यांनी ठरवलं. त्यांच्या पाळकांनी वरून कापलेली एक मोठी काळी टाकी आमच्या अंगणात आणून ठेवली. वार मात्र काकांनी निवडला, मंगळवार. आणि साठवलेलं पाणी नको, ताजंच हवं, अशी अट घातली. आमच्याकडे दर मंगळवारी पाणी बंद असतं. टाकी कोरडी, पाळक प्रार्थना करून परत. पुढचा मंगळवारही तसाच गेला. पाण्याचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस अशी चूक दोनदा का करतो, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला आपली त्यांची दया आली. तिसऱ्या मंगळवारी मी पाळकांना गाठून विचारलं, ते म्हणाले पाणी कुठलंही चालतं. मग माझ्या बायकोने जिन्यातून हाक दिली, ‘बायांनो, काकांची टाकी भरायचीय, बादल्या आणा गं!’ घराघरातली पिंपं उपसली गेली. टाकी काठोकाठ भरली.

काका पांढरा सदरा घालून बाहेर आले, टाकी बघून पांढरेफटक पडले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना बुडवतोय. ‘लहानपणी पोहायला शिकवतो म्हणून मला विहिरीत ढकललेलं,’ ते हळूच म्हणाले. ‘तेव्हापासून डोकं पाण्याखाली नाही घेतलं. मंगळवार मी मुद्दाम धरला हो.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘राहू दे काका, ओतून टाकतो,’ मी म्हटलं. त्यांनी एकवार आपल्या खिडकीकडे पाहिलं, तिथून काकू सगळ्यांना हाका मारायच्या. मग माझा हात घट्ट धरून ते टाकीत उतरले.

पाळकांनी त्यांना मागे झुकवलं, खाली नेलं, वर आणलं. काका धापा टाकत उभे राहिले.

‘किती वेळ होतो मी आत?’

‘डोळ्याचं पातं लवलं, तेवढाच,’ मी म्हटलं.

‘बस्स?’ ते टाकीतच उभे राहून रडायला लागले. ‘एवढ्यासाठी मी तिला इतकी वर्षं थांबवून ठेवलं?’

बाप्तिस्म्याचा अर्थ मला अजूनही नीट कळलेला नाही. त्यांच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं, आणि उतरण्याआधी त्यांनी दिलेला, रोज डोकं पुसायचा तो पंचा माझ्याच हातात होता. तो पुढे करावासा वाटेना.