अर्डिथमावशीची सोळा इंची करवत

आमच्या खोऱ्यात घराची पत रस्त्यावरून कळते. येणारे-जाणारे तुमची गाडी बघत नाहीत, अंगणातली लाकडांची रास बघतात. रास ओळंब्यात रचलेली, शेजारी पुढच्या हिवाळ्याचीही वाळत पडलेली, म्हणजे घरात पुरुष आहे. तयार लाकडं ट्रकने मागवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर शहरातून आलेला. लोक दोघांकडे सारख्याच दयेने बघतात.

ल्युसियन पेल्टियर यांची रास इतकी वर्षं बघण्यासारखी असायची. मग गेल्या मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं. ते बरं झालं की वाईट, यावर खोऱ्यात अजून एकमत नाही.

त्यांची बायको अर्डिथ माझ्या आईची मावसबहीण, म्हणजे माझी मावशी. तसं इथे निम्मं खोरं माझं मावशी-काकाच लागतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. तिच्या हातची बकव्हीटच्या पिठाची धिरडी खाऊन वाढलेली सगळी पोरं आता लाकूडतोडे आहेत आणि माझी गिऱ्हाइकं आहेत, कारण मी गावातल्या चेनसॉच्या, म्हणजे साखळीच्या यंत्र-करवतींच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो.

बँगॉर शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने सरळ सांगून टाकलं होतं, पानगळीच्या आत लाकडं रचून झाली नाहीत तर घर बंद करा आणि माझ्या गल्लीत फ्लॅट घ्या. मावशीला मरेपर्यंत त्या घरातून हलायचं नव्हतं. ल्युसियनकाकांनी आदल्या वर्षी पाडलेली मेपलची खोडं मागच्या रानात पडून होती, नुसते तुकडे करायचे राहिले होते. कोणाला बोलावलं असतं तर आलं असतं, पण काका बोलावू देत नव्हते. तेव्हा मावशीने अग्निशमन केंद्रात शनिवारी करवत चालवायला शिकवतात, त्या प्रशिक्षणात नाव घातलं. अट एकच होती, करवत आपली आपण आणायची.

करवत घरात होती. पण साखळी जागच्या जागी थांबवणारा तिचा ब्रेक काकांनी तरुणपणीच काढून टाकला होता. त्या पिढीत सगळ्यांनीच काढला. कामात मध्ये येतो म्हणे. ब्रेक ठेवणाऱ्याला जंगलात हसायचे. हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गालावर नाहीतर मांडीवर आज टाक्यांच्या खुणा आहेत, पण ते अजूनही हसतात. बिनब्रेकची करवत प्रशिक्षणात दारातूनच परत पाठवतात, म्हणून दोघं दुकानात आली.

काका आले ते थेट भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. चोवीस इंची पातं, झाडं पाडणाऱ्यांचं. मी त्यांना समजावलं, की तुकडे करायला नि शिकायला सोळा इंची पातं पुरतं. वजन कमी असलं की संध्याकाळपर्यंत हात थरथरत नाहीत आणि हात थरथरला नाही की करवत उसळून अंगावर येत नाही. काका म्हणाले, दुकानात उभं राहून कोणीही शहाणं होतं.

दुकानात कॉफीच्या भांड्याशेजारी क्लोव्हिस असतो. निवृत्त झाल्यापासून रोज येतो, कधी काही घेत नाही. त्याने मान वर न करता सल्ला दिला, "अर्डिथ, ती बॅटरीवाली घे की. फोनशेजारी लावून ठेवायची, रात्रीत भरते."

"तुझं तोंडही तिथेच लावून ठेवते, क्लोव्हिस," मावशी म्हणाली. "ते कधी उतरतच नाही."

मग तिने यंत्रं बाहेर आणायला लावली. आधी मोठं. जमिनीवर ठेवलं, मी दाखवलं तसं मागच्या मुठीत बूट अडकवला आणि दोरी ओढली. परत ओढली. यंत्र खोकलंसुद्धा नाही. क्लोव्हिस दारात येऊन उभा राहिला. छोटं दुसऱ्या ओढीला सुरू झालं. ते दोन्ही हातांत धरून ती तशीच उभी राहिली, किती वेळ पेलतंय ते बघत. मी इतकी यंत्रं विकली, पण अशी पारख करणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. पुरुष नुसता रंग बघतात आणि पात्याची लांबी.

"माझ्या घरात खेळणं येणार नाही," काका म्हणाले. "रस्त्यावरून लोक बघतात."

मावशीने करवत बंद केली.

"ल्युसियन, ती तुझ्या हातात द्यायची नाहीये."

ती रागाने बोलली नव्हती. शाळेत पोराला थाळी कुठे ठेवायची ते सांगावं, तशी बोलली. पण काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून खिशात घातला आणि गाडीत जाऊन बसले. क्लोव्हिसने कॉफीत नसलेली साखर ढवळली.

ती सोळा इंची घेऊन गेलेली मावशी प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून बरी निघाली. झाड पाडताना खोडात बिजागरीसारखं थोडं लाकूड न कापता राखायचं असतं, म्हणजे ते हवं तिकडे वळून पडतं. तिचं झाड नेमासाठी रोवलेल्या खुंटीवरच पडलं. उन्हाळाभर तिने रानातली खोडं तोडली, फोडली, रचली. पानगळीच्या आत रास उभी राहिली, ओळंब्यात. मुलीने फ्लॅटचं नाव काढणं सोडलं.

चर्चमधल्या जेवणाला मग सगळ्यांनी रीतीप्रमाणे काकांचा हात हातात घेतला, डावा, आणि यंदाही लाकडं झकास रचलीत म्हणून सांगितलं. हात कोणाचा चालतो हे प्रत्येकाला माहीत होतं. पण आमच्याकडे रास घरधन्याची असते, त्याला इलाज नाही. प्रत्येकाला काका एकच सांगत राहिले, "ती माझी नाहीत." लोकांना वाटलं, विनय. तेवढा सोडून बाकी सगळं त्या माणसात होतं.

डिसेंबरात मी नवी साखळी पोचवायला गेलो. पुढच्या वर्षीची तोड मावशीने सुरूही केली होती. स्वयंपाकघरातला स्टोव्ह असा पेटला होता की मला स्वेटर काढावा लागला. काका दिसले नाहीत. ते मागच्या थंड खोलीत विजेचा हीटर लावून बसतात, कोट घालून. बर्फ पडल्यापासून असंच चाललंय, स्टोव्हपाशी येतच नाही, मावशी म्हणाली.

"मोठी घेतली असती," ती साखळी हातात फिरवत म्हणाली, "तर मला पेलली नसती. फ्लॅटमध्ये गेलो असतो. पण एका खोलीत बसलो असतो."

मी म्हणालो, मावशी, करवत तू बरोबर निवडलीस.

"ते मला ठाऊक आहे रे."

ती धिरड्यांची ताटली घेऊन मागे गेली. येताना तिने खोलीचं दार उघडंच ठेवलं, इकडची ऊब आत जावी म्हणून. ती स्टोव्हपाशी पोचते न पोचते तोच काकांनी ते आतून पायाने लोटून बंद केलं.