स्वेटरचं चुकलेलं बटन

आक्कांनी कुठल्याही नटीचं तोंड कधी धड पाहिलं नाही. त्या हात बघायच्या. तासगावच्या एका बेदाणा शेडमध्ये त्या मुकादमीण होत्या. मी तिथं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे आणि दुपारी माझा मोबाईल एखाद्या खोक्याला टेकवून जुने सिनेमे लावायचे. बायका बेदाण्यातल्या काड्या आणि काळे मणी निवडता निवडता बघायच्या. कुणी नटीच्या डोळ्यांचं कौतुक केलं, की आक्का म्हणायच्या, "तोंड काय, कुणीबी रडवेलं करतंय. हात बघा हात." सगळी हयात दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवण्यात गेली, आता हिला दुसरं काय दिसणार, असं मला वाटायचं.

एक काळा-पांढरा सिनेमा आमच्याकडे सारखा लागायचा. थंड हवेच्या गावातली एक लॉजवाली. तिचा नवरा दरीत मेलेला सापडतो. बातमी ऐकून ती रडत नाही, म्हणून पोलिसांचा संशय तिच्यावरच जातो. खून दिराने केलेला असतो, पण ते अगदी शेवटी कळतं. सुटल्यावर ती कोर्टाच्या कठड्यावर डोकं टेकून जी रडते, त्याने आमच्या बायकांचे पदर भिजायचे. मीही डोळे पुसायचे. सिनेमाखाली लोकांनी मतं लिहिलेली असायची, ती मी मोठ्याने वाचून दाखवायचे. बहुतेक सगळी त्या रडण्याबद्दलच. असं रडणारी नटी पुन्हा झाली नाही, वगैरे.

आक्कांना ते रडणं मुळीच पटत नसे. "लय झालं," एवढंच म्हणायच्या. त्यांचा आवडता प्रसंग वेगळा होता. पोलीस बातमी सांगतात, ती बाई त्यांना 'चहा घेणार का?' विचारते आणि अंगात स्वेटर घालते. त्याचं बटन भलत्याच काजात जातं आणि तसंच राहतं. लोकांनी ती सिनेमातली चूक म्हणून पकडली होती. 'एवढी मोठी नटी आणि कुणाचं लक्ष नाही?' 'दिग्दर्शक झोपला होता काय?' खाली हसरे चेहरे. वाचताना मीही हसले. आक्कांचा हात परातीत थांबला. तो थांबलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

"चूक न्हाई ती," त्या म्हणाल्या. "त्या नटीला म्हाईत हाय. तू लिही खाली, चूक न्हाई म्हणून."

"आवं आक्का, तिथं सिनेमातली जाणती माणसं लिवत्यात. आपलं कोण वाचतंय?"

"बरं," म्हणाल्या आणि काड्या निवडू लागल्या. पुढे दोन-तीनदा मात्र विचारलं, "लिवलंस का गं?" मी आपली लिहिते, लिहिते म्हणायचे. कंटाळा होताच, पण खरं सांगायचं तर लाज वाटायची.

शेजारी बसणाऱ्या सुमनताईंनी मग एकदा मला सांगितलं. आक्कांचा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हा त्या सांगलीच्या दवाखान्यात दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेल्या होत्या. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. त्याला कुंडलला घरी आणल्यावर जमलेल्या लोकांना चहा-पाणी विचारत फिरत होत्या. "आई हाय का दगुड?" असं कुंडलच्या बायका कितीतरी दिवस म्हणत होत्या. सून माहेरी गेली ती बोलायचीच बंद झाली. हे सगळं ऐकूनही मी दोन शब्द लिहिले नाहीत. उद्या लिहू म्हटलं.

या हिवाळ्यात आक्का गेल्या. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. सकाळी फोन आला, तशी मी उठून कुंडलला गेले. शेडमधल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या. सूनही आली होती, तीही रडत होती. मी मोरीत बसून धुतलेले पेले पुन्हा धुवत होते. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसं आतून सगळं झालं होतं. एक म्हातारी माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "तुझं नि आक्काचं लय हुतं म्हणं?" मी हो म्हणाले.

परतताना एसटीत शेजारच्या बाईने माझ्या खांद्याला हात लावला. "ताई, स्वेटरचं बटन चुकलंय तुमचं."

मी खाली पाहिलं. सकाळपासून तसंच होतं. "असू दे," म्हणाले.

मग मोबाईल काढला आणि त्या सिनेमाखाली लिहिलं, 'बटनाची चूक नाही ती. त्या नटीला माहीत होतं.' पलूस मागे पडलं तेवढ्यात कुणीतरी खाली विचारलं, 'तुम्हाला काय माहीत?'

मी लिहिलं, 'आमच्या आक्का सांगायच्या.' बटन तासगाव येईपर्यंत तसंच होतं.