वरच्या मजल्यावरची हवा

ओठांवर बोट. आमच्या वरच्या भाडेकरूची हीच ओळख. जिना चढून गेलं की दारातच तो नव्याने शिकलेली कानडी मिसळून सांगायचा, "शू... अक्का, स्वल्प हळू. त्यांना कळतं."

त्यांना म्हणजे मश्रूमना. महादेवपुऱ्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून या पुणेकराने चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मश्रूम लावले होते. वर खोल्या दोन. मोठीत पेंढा भरलेल्या पिशव्या टांगलेल्या, लहान खोलीत त्याचे वडील. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणावं.

बोलायला लागला की मात्र ऐकत राहावं. मश्रूमना डोळे नाहीत, पण उजेड कुठून येतो ते कळतं, तिकडे वळतात. पिशवी उलटी टांगा, छत्री आडवीच धरणार. गारवा पडला की वर यायची वेळ झाली हे समजतं. "आणि हवा कोंडली ना अक्का, की देठ लांबतात, छत्री एवढीशी राहते. हवा शोधत मान वर काढतात बिचारे." हे सांगताना तो स्वतःच मान वर काढून दाखवायचा. वडिलांना चष्म्याचा नंबर बदलून हवा होता, ते याच्या गावीही नव्हतं. म्हातारे गोळ्यांची नावं माझ्याकडून वाचून घ्यायचे.

एकदा सकाळीच खाली धावत आला. देठ लांबले होते.

"अक्का, एक्झॉस्ट फॅन बसवतो. बाहेरच्या भिंतीला भोक पाडू का?"

मी नुकताच घराला रंग लावून घेतला होता. म्हटलं, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

"सरी अक्का, बरं," म्हणाला आणि गेला. गुणी भाडेकरू. त्याने फॅन दोन खोल्यांच्या मधल्या झरोक्यात बसवला. मश्रूमच्या खोलीतली कोंडलेली हवा वडिलांच्या खोलीत. छत्र्यांखालून पिठासारखी पांढरी भुकटी झडते, तीही त्यांच्या उशाशी.

देठ आखूड झाले, छत्र्या पसरल्या. तो पेढे घेऊन आला. वरून खोकला ऐकू येत होता.

"बाबांना इथली धूळ सोसत नाही," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि पेढा खाल्ला.

महिन्याभरात म्हातारे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून धापा टाकायला लागले. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, घरात काय ठेवलंय? ती भुकटी छातीत बसली होती. हॉस्पिटलातून आल्यावर त्याने एकट्याने दिवसभर पिशव्या उतरवल्या. मी मदतीला वर गेले. ओठांवर बोट नव्हतं. शेवटची पिशवी हातात धरून तो म्हणाला, "अक्का, बाबा रोज खिडकीकडे मान करून झोपायचे. मला वाटायचं, सवय आहे."

एरवी माझी जीभ कोणाला ऐकत नाही. त्या दिवशी मी खाली सांडलेला पेंढा गोळा करत राहिले. भोक पाडू नको म्हणणारी मीच होते, आणि हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याचाच मला राग येतो.

तो वडिलांना घेऊन पुण्याला गेला. म्हातारे घरातल्या घरात चालतात म्हणे, जिना नाही चढवत.

परवा गवंडी बोलावला आणि बाहेरच्या भिंतीवर, रंगावरच, खडूने गोल काढून दिला. तो छिन्नी घेऊन थांबला. "अक्का, वर आता राहतंय कोण?"

म्हटलं, "तू पाड."