अक्काचं हॉटेल घाट उतरतं

चिकलठाण्यात अक्काच्या दारापुढे त्या सकाळी दोन पिकअप उभ्या होत्या आणि मधे तिचं नवंकोरं हॉटेल! चाकांवरचं, निळं, भट्टीसकट दीड टनाचं. माझी ही थोरली बहीण जन्मभर दुसऱ्यांच्या खानावळीत भाकरी थापत आली. आता फर्दापूरला, लेण्यांच्या वाटेवर, तिला स्वतःची जागा मिळाली होती. अट एकच: दिवस मावळायच्या आत गाडा तिथे उभा पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पिकअप निवडायचं काम अर्थातच माझं. गाड्यांतलं मला कळतं, आणि ते मी लपवत नाही.

"माझी तीन टन ओढती, ताई," खाकी गाडीवाला म्हणाला.

"कुठं लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? मी सांगतो ना!"

पांढऱ्या गाडीच्या सलीमभाईंनी मात्र कंपनीचं पुस्तक उघडलं: दोन टन, तेही ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असेल तर. आमच्या ट्रेलरला होता. म्हणजे अर्धा टन हाताशी उरत होता. पांढरी ठरली.

फुलंब्रीपर्यंत मी खुशीत होते. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं, वर स्वच्छ ऊन. सिल्लोडला भजी खाल्ली. "सोडा जास्त झालाय," अक्का म्हणाली, हॉटेलवालीच्या तोऱ्यात. सलीमभाई मात्र भजी सोडून क्लचचा वास घेत होते.

"मॅडम, गाडी बहुत दम खा री."

"दीड टनाला रडते? पुस्तक खोटं की काय तुमचं?" मी फटकारलं.

अजिंठा गाव मागे पडलं आणि घाटाच्या तोंडाशी सलीमभाईंनी गाडी बाजूला घेतली. ऊन कललं होतं. "ये डेढ टन नै है," ते म्हणाले. "मैं नीचे नै उतारता. ब्रेक नै लगा तो सब जाते."

मी ट्रेलरमध्ये चढून ओट्याखालची फळी उघडली. हजार लिटरची टाकी काठोकाठ भरलेली!

"अक्का!"

"मंग? नव्या जागी रिकामी भांडी न्यायची असत्यात व्हय?" ती माझ्यावरच डाफरली. "पहाटं नळ आला व्हता, घेतलं भरून."

एक टन पाणी! आणि मी त्या बिचाऱ्या सलीमभाईंवर तोंड टाकत होते. लाजेने मेल्यासारखं झालं.

"सोड तोटी," मी म्हटलं.

"नळाचं पानी रस्त्यावर? नाय सोडणार." अक्का तोटीला पाठ लावून बसली. ऊन खाली खाली सरकत होतं, माझा जीव टांगणीला.

तेवढ्यात एक धनगर जोडपं मेंढरं घेऊन वर आलं. अक्काने मान वर केली.

"दादा, मेंढरं तहानल्याली दिसत्यात?"

"लई, बाई. कुठं थेंब नाय."

अक्का उठली. तिने स्वतःच परात लावली आणि तोटी सोडली. मेंढरं तुटून पडली. उरलेलं पाणी रस्त्याकडेच्या कडुलिंबांच्या बुंध्याशी गेलं. शेवटची एक कळशी तेवढी तिने मांडीत धरली.

धनगरीण ओंजळीने पाणी पिऊन म्हणाली, "हाटेल कुणाचं?"

"माझं," अक्का म्हणाली. हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

पांढरी पहिल्या गिअरमध्ये शहाण्यासारखी घाट उतरली. डोंगरमाथ्यावर ऊन असतानाच गाडा जागेवर लागला, आणि कळशीतल्या पाण्याचा पहिला चहा अक्काने सलीमभाईंना दिला.

परतताना रिकामी गाडी घाट भराभर चढली. वर तीच मेंढरं चरत होती. "ताई, लागलं का बाईचं हाटेल?" धनगरणीने हाक दिली. "लागलं!" मी ओरडले.

आता पिकअप किती ओढते असं कुणी विचारलं, तर पुस्तकातला आकडा मी आजही ठणकावून सांगते. फक्त आधी विचारते, टाकी कुणी भरली?