चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या तळघरात, जिथं वरच्या मजल्यांचे सगळे पाईप येऊन छताला लोंबकळतात, तिथं चादरबाईंचं राज्य. राज्य म्हणजे एक लांब टेबल, भिंतभर लोखंडी मांडण्या आणि फूटपाथच्या पातळीला आलेली एक खिडकी. तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फक्त चपला-बूट दिसतात. बाईंना नाव आहे, पण ते पगारपत्रकावर. बाकी नर्सपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या चादरबाई. फोन उचलल्यावर त्या स्वतःही "हां, चादरबाई बोलतेय" असंच म्हणतात.

काम सोपं. शेजारच्या धोबीखान्यातून धुऊन, वाळून आलेल्या चादरी ताणायच्या, वॉर्डाचा शिक्का वर येईल अशी घडी घालायची आणि दहा-दहाचे गठ्ठे लावायचे. अडचण एकच. चादर ताणायला दोन माणसं लागतात आणि चादरबाईंची जोडीदारीण नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाली. "लवकरच जागा भरू," असं ऑफिसनं सांगितलं. ऑफिस अजून तेच सांगतं. शेवटी बाईंनी दुरुस्तीवाल्याच्या मागे लागून भिंतीत खांद्याच्या उंचीवर दोन हुक ठोकून घेतले. चादरीचे दोन कोपरे हुकांना अडकवायचे, दोन आपल्या हातात धरायचे आणि ओढायचं. पहिल्याच दिवशी, सवयीनं, ओढता ओढता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "धर गं नीट." तिकडं कोणीच नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "तूच धर रे बाबा मग." हे प्रभूला.

तेव्हापासून ते दोघं काम करतात. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत गप्पा. "ही बघ, परत लहान मुलांच्या वॉर्डातली. शाईचा डाग. औषध घ्यायचं सोडून चित्रं काढत बसतात. बरा कर त्याला लवकर, नाहीतर माझी एक चादर शिल्लक ठेवायचा नाही." किंवा, "हिच्यावर आज जो कोणी झोपेल, त्याला झोप लागू दे रे. आणि पेन खिशात ठेवून झोपू नको म्हणावं." मधेच स्तोत्राच्या दोन ओळी, त्याही चाल सोडून. नवऱ्याची एखादी चहाडी. एखादी चादर इतकी विरलेली असायची की पलीकडची खिडकी दिसायची, तेव्हा नुसतंच, "हं." चार वाजता बाई दमून, पण टवटवीत चेहऱ्यानं घरी निघायच्या. याला काही नाव असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते चर्चच्या महिला मंडळानं शोधून काढलं.

मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पांढरी साडी, कडक पाठ, पर्समध्ये कायम लाल पेन. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी सगळ्या बायकांना गोल बसवलं आणि एकेकीला उभं करून विचारलं, "देवाबरोबर एकांतात बसायची तुमची वेळ कोणती?" कोणी पाच सांगितली, कोणी साडेचार. एकीनं सव्वाचार सांगून सगळ्यांना गार केलं. चादरबाईंनी थोडा विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"वेगळी अशी वेळ नाही, बाई."

"अजिबात नाही?"

"म्हणजे बसायचं जमत नाही. कामावर असते ना."

गोलातून एक उसासा फिरला. सव्वाचारवालीनं डोळे मिटले. सगळ्यांनी चादरबाईंच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या सुकलेल्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थना इतकी कळवळून झाली की बाईंनाही भरून आलं. आपण सुखी आहोत, हा आपला इतक्या वर्षांचा गैरसमज होता, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

अध्यक्षबाई उपाय घेऊनच आल्या होत्या. त्याचं नाव आनंदपत्रक; ते सगळ्याच भरणार, अध्यक्षबाईसुद्धा. चाळीस दिवसांचे चाळीस रकाने: उठण्याची वेळ, वाचलेला अध्याय, प्रार्थनेची मिनिटं (कमीत कमी पंधरा) आणि शेवटी 'आज लाभलेला आनंद, दहापैकी'. चाळीस दिवस संपल्यावर महिला-रविवार. त्या दिवशी मंडळीपुढे साक्ष कोणी द्यायची, म्हणजे देवानं आपल्यात काय बदल केला ते उभं राहून कोणी सांगायचं, हेही तिथल्या तिथं ठरलं. "तुमच्यात जेवढा फरक दिसेल, तेवढा दुसऱ्या कोणात दिसायचा नाही," अध्यक्षबाई प्रेमानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चादरबाई स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या. समोर घड्याळ. अध्याय निघाला वंशावळीचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. सहाव्या पिढीला बाईंची मान पडली. जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते. मग घाईनं प्रार्थना. स्वयंपाकघरात, घड्याळासमोर, 'अरे' कसं म्हणायचं? त्यांनी पाळकसाहेबांसारखी सुरुवात केली, "हे सर्वसमर्थ, सनातन, स्वर्गस्थ..." आणि तिथंच शब्द संपले. घड्याळात दीड मिनिट झालं होतं. उरलेली साडेतेरा मिनिटं त्यांनी शेगडीकडं बघत काढली.

खरा घोटाळा कामावर झाला. पहिली चादर हुकांना लावली, तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळीच तर भेटून झालं. मोठ्या माणसाला सारखा सारखा काय त्रास द्यायचा? त्या मुकाट्यानं घड्या घालू लागल्या. चारपर्यंत तळघरात फक्त मशीनची घरघर.

पत्रकावर पहिल्या दिवशी आनंद सहा लागला. आठवड्यानं चार. विसाव्या दिवशी बाईंनी दोन लिहिला, तोही लाजेखातर. दर रविवारी अध्यक्षबाई पत्रक तपासून लाल पेनानं शेरा द्यायच्या, 'प्रयत्न वाढवा'. बाईंनी प्रयत्न वाढवले. पाचचे साडेचार केले. आता घड्या वाकड्या यायला लागल्या. पुरुषांच्या वॉर्डाचा गठ्ठा बाळंतिणींकडं गेला. वरून मोठ्या सिस्टरचा फोन आला, "चादरबाई, तब्येत बरी आहे ना?"

नवऱ्यानं आयुष्यभर एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली. इतक्या लोकांना वर नेऊनही देवाधर्माबद्दल तो फारसं बोलायचा नाही. पण त्याच्याही लक्षात आलं.

"अगं, तू हल्ली माझ्यावर ओरडत नाहीस."

"मग चांगलं आहे की."

"कसलं चांगलं? घरात पाहुणी राहायला आल्यासारखं वाटतं. ते पत्रक टाक बघू बंद करून."

"अहो, काहीतरी काय? देवाचं आहे ते."

नवऱ्यानं पत्रक लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं. "देवाचं अक्षर दिसत नाही हे."

बाई हसल्या नाहीत. त्या रात्रभर एकाच गोष्टीनं धास्तावल्या होत्या आणि ती कोणाला सांगायचीही सोय नव्हती. पूर्वी तळघरात पलीकडं कोणीतरी असायचं. आता नसतं. आपण शिस्तीत भेटायला लागलो आणि तो निघून गेला. आणि पुढच्या रविवारी याचीच साक्ष द्यायची होती.

एकोणचाळिसाव्या दिवशी इस्पितळाच्या गच्चीवरची टाकी फुटली. तिसऱ्या मजल्यावरचे तीन वॉर्ड भिजले. सकाळपासून ढकलगाड्यांवर ढकलगाड्या येत होत्या, मशीनं थांबत नव्हती आणि चादरबाईंच्या टेबलावर ऊन ऊन चादरींचा डोंगर झाला होता. वरून दर दहा मिनिटांनी फोन. दुपारी दोनच्या सुमाराला बाईंनी एक चादर जरा जोरात ओढली आणि डावा हुक मूठभर प्लॅस्टरसकट बाहेर आला. धुतलेली, पांढरीशुभ्र चादर ओल्या फरशीवर लोळली.

बाईंचा तोल सुटला.

"अरे, धर की!" त्या भिंतीवर ओरडल्या. "एकोणचाळीस दिवस! एकोणचाळीस दिवस पहाटे उठून तुझ्यासमोर मान मोडून बसतेय आणि तुला एक टोक धरता येत नाही? नुसतं उभं राहून बघायचं काय?"

दारात अध्यक्षबाई उभ्या होत्या. साक्षीचा कागद आधी नजरेखालून घालावा म्हणून आल्या होत्या. गेल्या तीस वर्षांत त्यांच्यावर असं कोणी ओरडलेलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं पर्स टेबलावर ठेवली, साडीचा पदर खोचला आणि डोंगरातली एक चादर घेऊन तिची दोन टोकं धरली.

चादरबाईंच्या पायाखालची फरशी सरकली. "अहो बाई, तुम्हाला नाही... मी ते..."

"ओढा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फोन वाजतोय."

मग बोलायला वेळच नव्हता. ओढा, झटका, पुढं या, कोपऱ्याला कोपरा, मागं जा. दोन बायका एकमेकींजवळ येत होत्या, लांब जात होत्या. अध्यक्षबाईंची प्रत्येक घडी तिरकी येत होती.

"शिक्का वर, बाई. वर."

"वरच आहे."

"तो उलटा आहे. परत घाला."

मुख्याध्यापिकेनं परत घातली. परत उलटी. चादरबाईंनी छताकडं बघून, पुटपुटत का होईना, म्हटलं, "माणूस पाठवायचंच होतं, तर घडी येणारं तरी पाठवायचं होतंस रे."

आणि त्या चादर धरून जागच्या जागी थांबल्या. आपण बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. पलीकडं कोणीतरी असल्यासारखं, पूर्वीसारखं. अध्यक्षबाई सोडून.

"कोणाशी बोलताय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्याच्याशी."

"असं?"

"असंच बोलायचे पूर्वी. दिवसभर. मग तुमचं पत्रक आलं."

आणखी पाच-सहा चादरींच्या घड्या झाल्या. खिडकीबाहेरून पांढरे बूट गेले, मागून घाईच्या चपला.

"तुमचा आनंद रोज नऊ असतो ना, बाई?" चादरबाईंनी सहज विचारलं.

"अध्यक्षाचा आठाच्या खाली कसा जाईल?" अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चादरीचा कोपरा नको तितका नीट जुळवला. "खरा तर... खरा मी बघितलाच नाही कधी किती ते." मग आवाज एकदम खाली आणून, "तुम्ही बोलता, तर तो मधे बोलतो का काही?"

"छे. मी थांबेन तेव्हा ना." चादरबाई म्हणाल्या. "शिक्का, बाई. शिक्का."

अध्यक्षबाईंना हसू फुटलं. बारीक, दाबलेलं, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखं. साडेपाचला शेवटचा गठ्ठा वर गेला तेव्हा त्यांच्या पांढऱ्या साडीला गंजाचा पट्टा लागला होता आणि साक्षीचा कागद विचारायचं त्या साफ विसरल्या होत्या.

रविवारी चादरबाईंनी साक्ष दिली. उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मी पहाटे उठून बघितलं. मला झोप येते. मला प्रभू तळघरात भेटतो, कामावर. तसाच भेटू दे, अशी प्रार्थना करा." आणि बसल्या. बायका पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. आजारपण, अश्रू, चमत्कार, काहीतरी येईल म्हणून. सव्वाचारवालीनं शेजारणीला विचारलं, "झालं?"

झालं नव्हतं. अध्यक्षबाई उठल्या. डोळे पाणावलेले, आवाज खणखणीत. आपल्याला गुरुवारी तळघरात काय लाभलं, ते त्यांनी पंचवीस मिनिटं सांगितलं. मंडळी हेलावली. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. शेवटी अध्यक्षबाईंनी जाहीर केलं की आनंदपत्रक आजपासून बंद. त्याऐवजी महिला मंडळाच्या सगळ्या भगिनी दर गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या तळघरात जाऊन चादरींच्या घड्या घालतील आणि घालता घालता प्रभूशी मोकळेपणानं बोलतील. आळीपाळीनं. प्रत्येकीला दहा मिनिटं.

तेव्हापासून दर गुरुवारी चौदा बायका तळघरात येतात. जागा पुरत नाही. सव्वाचारवाली प्रभूशी अशा आवाजात बोलते की बाकीच्यांना आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचेल की नाही, अशी शंका येते. अध्यक्षबाई सगळ्यांना शिक्का वर कसा ठेवायचा ते शिकवतात, आणि त्यांचा उलटा येतो. चादरबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळ्यांसाठी चहा गाळतात आणि तोंडातून अक्षर काढत नाहीत.

शुक्रवारी सकाळी सातला त्या एकट्या आत येतात, दार लावतात, गुरुवारचे सगळे गठ्ठे सोडतात आणि एकेक चादर उलगडून नव्यानं घडी घालायला घेतात. "बघितलंस?" त्या म्हणतात. "ही बघ. ही तर गाठोडं आहे नुसतं. आणि ती काय म्हणत होती, ऐकलंस ना? मला तर मेलं हसू आवरेना, चहा सांडला माझा." दुपार होते तरी चहाड्या संपत नाहीत. हल्ली शुक्रवारी त्यांना घरी निघायला पाच वाजतात.